भीती यंत्राची की जाब देण्याची?

मे २०२० च्या अखेरीस वाळवंटी टोळांचे थवे जयपूर शहरावर आले, तेव्हा राजस्थानच्या कृषी विभागाने त्याच जिल्ह्यातील चौमूजवळच्या सामोद परिसरात ड्रोनद्वारे कीटकनाशकाची फवारणी केली. त्याच सुमारास मध्य प्रदेशातून आलेले थवे अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरले होते; त्यामुळे ते दिवस विदर्भातील वाचकांच्या स्मरणात असतील.

टोळ दिवसा उडतात, सायंकाळी झाडाझुडपांवर उतरतात आणि ऊन तापेपर्यंत तेथेच बसून राहतात. नियंत्रणाला मिळते ती रात्र आणि पहाट. वाहनावर बसविलेला फवारणी पंप उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत वा टेकडीच्या चढावर पोहोचत नाही. ड्रोनची गरज नेमकी तेथे होती. परंतु ड्रोनची टाकी लहान आणि बॅटरी काही मिनिटांची. थवा कोणत्या झाडांवर बसला आहे हे आधी ठाऊक नसेल, तर ते यंत्र निरुपयोगीच. ही माहिती संध्याकाळी शिवारात फिरणारे कर्मचारी व गावकरी यांच्याकडूनच मिळू शकते. ज्या यंत्राला आपल्या माहितीवाचून काम करता येत नाही, ते आपली जागा घेईल अशी धास्ती सहसा कोणी बाळगत नाही.

मोबाइल ॲपच्या बाबतीत चित्र निराळे दिसते. महाराष्ट्रात सोयाबीनवरील २००८ च्या अळ्यांच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप, म्हणजे कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, सुरू झाला. केंद्राची राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तीत छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कीड ओळखली जाते. असे नवे साधन आले की क्षेत्रीय कर्मचाऱ्यांत कुजबुज होते, ‘तंत्रज्ञानाची भीती’ असे तिचे निदान केले जाते आणि एक दिवसाचे प्रशिक्षण उरकले जाते. हे प्रशिक्षण बहुधा सभागृहात, पडद्यावरील चित्रांवर होते. चित्रातील अळी नेहमीच सुबक असते आणि पानाच्या मधोमध बसलेली असते.

हे निदान चुकीचे आहे. जो कृषी सहायक दिवसभर व्हॉट्सॲपवर शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देतो आणि यूपीआयने व्यवहार करतो, त्याला मोबाइलचे भय कसले? त्याच्या मनातील प्रश्न वेगळे असतात. छायाचित्रासोबत नोंदले गेलेले स्थळ आणि वेळ उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल काय? ॲपने कीड चुकीची ओळखली आणि त्या सल्ल्यावर शेतकऱ्याने फवारणी केली, तर तो कोणाच्या दारात येईल? शिवाय नोंदवहीही भरा आणि ॲपही भरा, ही दुहेरी हमाली किती दिवस चालणार? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे कोणत्याही प्रशिक्षणात नसतात. ती प्रशासनाने द्यायची असतात.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. कॅमेऱ्याला ते निरोगीच दिसणार. डोमकळी छायाचित्रात ओळखता येते, परंतु हिरव्या बोंडातील अळीसाठी बोंड फोडावेच लागते. शेतातून २० हिरवी बोंडे फोडून दोहोंत जिवंत अळी आढळली, तर प्रादुर्भाव १० टक्क्यांवर, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचला असे मानतात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, हा दुसरा निकष. यांपैकी काहीही माणसाच्या हाताशिवाय घडत नाही.

म्हणूनच ॲपमध्ये ‘क्षेत्रीय निरीक्षण वेगळे आहे’ असे नोंदविण्याची सोय असावी, आणि ती नोंद तज्ज्ञाने पाहून उत्तर द्यावे. पहिल्या हंगामात स्थळ-वेळेच्या नोंदींवरून कोणालाही नोटीस दिली जाणार नाही, असे लेखी परिपत्रक निघावे. जुनी नोंदवही कोणत्या तारखेला बंद होणार, हेही त्यातच नमूद असावे. तालुका कृषी अधिकाऱ्याने प्रशिक्षण कपाशीच्या शेतात घ्यावे. मोबाइल स्वतः हातात धरावा, ॲप काय सांगते ते सर्वांसमोर वाचावे, आणि मग तीच बोंडे फोडून पाहावीत.