ओळख पटलेल्या कुंड्या

बँकेच्या नोकरीत ओळख पटल्याशिवाय मी कोणाचेही खाते उघडले नाही. निवृत्तीनंतर घरात कुंड्या आणताना मात्र ही शिस्त विसरलो. वाशीमच्या उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तग धरणाऱ्या मांसल पानांच्या वनस्पती सोयीच्या वाटल्या. कोरफड, जेड आणि पानफुटी यांनी खिडकी भरली.

गेल्या वैशाखात आमच्या मनीने पानफुटीची कोवळी पाने चावली. काही तासांतच तिला उलट्या सुरू झाल्या. ती कोपऱ्यात निपचित पडली. पशुवैद्यकांचा पहिला प्रश्न होता, ‘घरात कोणती झाडे आहेत?’ मनी वाचली; पण ती रात्र आम्हा उभयतांना जड गेली.

पानफुटीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. कोरफडीने मांजरास उलट्या व जुलाब होतात. जेडही वर्ज्य, तोडताच पांढरा चीक गळणारे शेर-निवडुंगही तसेच. आपण जिला घरगुती औषध म्हणून जपतो, ती वनस्पती मांजरास मानवेलच असे नाही.

मग ठेवावे काय? हावर्थिया, एकेव्हेरिया आणि लोंबणारे बरोज टेल ही मांजरांना बिनविषारी आहेत. हावर्थिया दिसते लहान कोरफडीसारखी. म्हणून नर्सरीत रूपावर न जाता नाव विचारूनच घ्यावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. तीत जाडी वाळू किंवा बारीक मुरूम भरपूर मिसळावा. कुंडीला खाली छिद्र असावे. सकाळचे कोवळे ऊन पुरते. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात तर हात आखडताच ठेवावा.

मांजराला चघळण्यासाठी एका कुंडीत गहू पेरावेत. म्हणजे इतर पानांकडे ते कमी वळते. तरीही विषारी पान खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये. त्या झाडाचे पान सोबत घेऊन तडक पशुवैद्यकांकडे जावे.

जुन्या कुंड्या आम्ही उकिरड्यावर टाकल्या नाहीत. वनस्पतीलाही जीव आहे. मांजर नसलेल्या आप्तांच्या घरी त्या सुखरूप आहेत. मनी आता हावर्थियाशेजारी निजते. दया मनात होतीच, वाचकहो. माहिती तेवढी उशिरा आली.