पापडावरची काजळी

उन्हाळ्यात रायपूरला मावसबहिणीकडे गेले होते. भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत आणि वाळवणाचा थाट अजूनही आपल्याकडचाच. सकाळी आम्ही दोघींनी गच्चीवर उडदाचे पापड घातले आणि वर जुन्या धोतराचे पातळ कापड पसरले. संध्याकाळी पाहतो तर कापड करडे झालेले. झटकायला गेले, तर बोटे काळी! "रोजचंच आहे हे," ताई म्हणाली, "गच्ची दिवसातून दोनदा झाडते मी."

रात्री जेवताना तिने विषय काढलाच. "भावजी, हे कारखाने बंदच करायला हवेत." तिचे धाकटे दीर अशाच एका कारखान्यात नोकरीला आहेत. ते शांतपणे म्हणाले, "करा बंद, वहिनी. पण मग पहिल्या तारखेला पगार कुठून आणायचा, तेही सांगा." सासरे, म्हणजे अण्णा, शहराबाहेरची शेती पाहतात. ते म्हणाले, "आणि माझ्या भातावर बसते त्या राखेचं काय?" तिघांचेही म्हणणे खरे होते. वरण गार झाले, वाद मात्र मिटला नाही.

वाचकहो, हा वाद एका घरातला नाही. रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत कोळशावर स्पंज आयर्न तयार करणाऱ्या भट्ट्या आहेत. अशा भट्टीच्या धुरातली धूळ पकडणारी यंत्रे मिळतात. पण ती चालवायला वीज लागते, देखभाल लागते, म्हणजेच पैसा लागतो. नियम कडक करा म्हटले की मालक खर्चाकडे बोट दाखवतो आणि कामगार नोकरीकडे.

बरे, कायदा नाही, पैसा नाही असे म्हणावे, तर तसेही नाही. राज्य झाल्यावर पाचच वर्षांनी, 2005 मध्ये, छत्तीसगडने पायाभूत सोयी आणि पर्यावरण यांसाठी उपकराचा कायदा केला. खाणींच्या जमिनीवरही तो लागतो. खनिज असलेल्या जमिनीवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये मान्य केला. दुसरा निधी जंगलांचा. वनजमीन खाणीला किंवा धरणाला दिली, की घेणाऱ्याने भरपाई द्यायची आणि तीतून नवी झाडे लावायची. त्यासाठी 2016 मध्ये संसदेने कायदा केला आणि 2019 मध्ये एकट्या छत्तीसगडच्या वाट्याला सुमारे 5,791 कोटी रुपये आले.

मग अडले कुठे? जंगलाच्या कायद्याचेच पाहा. ग्रामसभांची संमती कायद्यातच लिहा, असा आग्रह जयराम रमेश यांनी राज्यसभेत धरला होता. नियम करताना पाहू, असे आश्वासन मिळाले. कायद्यात मात्र ते आले नाही. ज्यांच्या दाराशी झाडे लावायची, तेच बाहेर राहिले. ज्या पैशाला आपला म्हणणारा कोणी नसतो, त्याची गत आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी व्हायला वेळ लागत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला 1965 मध्ये वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला : हाताला काम मागणाऱ्याला काम द्यायचे, आणि ते काम मातीचे, पाण्याचे असावे. 1972 च्या दुष्काळात या कल्पनेची कसोटी लागली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून, मोटारींवरच्या आणि बागायती जमिनीवरच्या जादा करातून. जेवढा कर जमेल, तेवढीच रक्कम सरकारने आपली घालायची.

मुंबईच्या कारकुनाने खेड्यातल्या बंधाऱ्यासाठी पैसे का द्यावेत? कारण गावात काम मिळाले, तर दुष्काळात शहराकडे येणारे लोंढे थांबतात. शेतकऱ्याला बांध आणि पाझर तलाव मिळाले, मजुराला रोजी मिळाली. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. प्रत्येकाला त्यात आपले काहीतरी दिसले, म्हणून एकमत झाले. मजुरी उशिरा मिळण्याच्या तक्रारी झाल्या, हे खरे. पण हक्क कायद्यात होता, म्हणून तक्रार तरी करता आली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे सारे सांगितले. भावजी विचार करून म्हणाले, "धूळ पकडणारं यंत्र चालू ठेवा, असं आम्हीही म्हणू. त्यानं नोकरी जात नाही. त्याच्या विजेचा मीटर वेगळा ठेवला, तर ते रात्री चालू होतं की बंद, लगेच कळेल." अण्णा म्हणाले, "लहान कारखान्याला यंत्र परवडत नसेल, तर त्या उपकरातून स्वस्त कर्ज द्या. पैसा त्यासाठीच तर आहे!" ताई म्हणाली, "आणि नियम सगळ्यांना सारखा हवा. जो मालक प्रामाणिकपणे खर्च करतो, तोच बाजारात मागे पडतो." रात्री भांडणारी तीन माणसे सकाळी एकाच बाजूला बसली होती.

अशी माणसे एकत्र यायला जागाही आहे. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना परवानगी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. आपण मात्र ते पान पापडाखाली अंथरतो! तिथे एकट्या गृहिणीने तक्रार केली, तर ती कागदावर राहते. तिच्या शेजारी कामगार, शेतकरी आणि दुकानदार उभे राहिले, की आमदारालाही विधानसभेत बोलावेसे वाटते.

परवा ताईचा फोन आला. आळीतल्या बायकांनी मिळून अर्ज केला आहे. मजकूर भावजींनी लिहून दिला, पहिली सही अण्णांची. "उत्तर अजून आलेलं नाही," ती म्हणाली, "पण सह्या वाढताहेत." पापड मात्र यंदाही तिने घरात, पंख्याखालीच वाळवले.