कोल्हापूरचे कोल्हापूरपण

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांतून सहलीचे बेत आखले जाऊ लागतात आणि त्या बेतांत कोल्हापूरचे नाव हटकून येते. अंबाबाईचे दर्शन, जोतिबा, पन्हाळा, रंकाळ्यावरची संध्याकाळ आणि परतताना चपलांचा जोड व गुळाची ढेप, असा हा ठरून गेलेला क्रम आहे. नोकरीच्या निमित्ताने चार-पाच वर्षे तेथे राहून आलेली कुटुंबे तर बदली झाल्यानंतरही आयुष्यभर त्या गावाची आठवण काढीत असतात. एखादे शहर आवडते म्हणजे त्यातले नेमके काय आवडते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. कोल्हापूरच्या बाबतीत तो आता विचारायला हवा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच तेथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकार, वकील आणि त्यांच्यामागून येणारे व्यवसाय यांचा ओघ या शहराकडे वळला आहे. वस्ती वाढेल, जागांचे भाव चढतील, इमारतींची उंचीही वाढेल. अशा वेळी जपायचे काय आणि सोडून द्यायचे काय, याचा विवेक नसेल तर आवडते शहर केवळ आठवणींत शिल्लक राहते.

बाहेरच्या जगाने कोल्हापूर ओळखले ते तिखटावरून. देशभरच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा जो लालभडक पदार्थ मिळतो, तो कोल्हापूरच्या कोणत्याही घरात शिजत नाही, हे तेथे चार दिवस राहिलेल्या पाहुण्यालाही समजते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आणि मिसळीची कीर्ती खरीच आहे. परंतु जिभेच्या चोचल्यांवर शहराचे स्वत्व तोलायचे तर महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याचे गाव स्वतंत्र संस्कृती ठरेल. चपलेचेही तसेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीतील एका विख्यात कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मंचावर मिरविल्या, तेव्हा साऱ्या देशाला या कारागिरीची आठवण झाली. ती बनविणाऱ्या हातांना वर्षाचे उरलेले महिने काय मिळते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कोल्हापूरचे कोल्हापूरपण शोधायचे तर पेठांत आणि तालमींत शिरावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे भग्न क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. पण मैदान हा केवळ कळस होता. पाया होता तो गल्लीगल्लीतील तालमींचा. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, एवढाच अर्थ कोल्हापुरात कधी नव्हता. गणेशोत्सव तालीम करते, शिवजयंती तालीम करते, पेठेचा फुटबॉल संघ तालमीच्या नावाने खेळतो, घरात मयत झाले तर पहिली माणसे तालमीतून येतात. कुस्तीच्या गावात फुटबॉल इतका रुजावा याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. मात्र दोन पेठांचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे लोटणारी गर्दी पाहिल्यावर ते नवल ओसरते. या चुरशीला कधीकधी हाणामारीचे गालबोट लागते, हेही लपविण्यात अर्थ नाही. संघटित होण्याची सवय आणि ईर्ष्या ही एकाच घरातील भावंडे आहेत.

या सवयीचे मोल किती, हे १९५२ साली दिसले. खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासखर्चाचीच भ्रांत होती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून विद्यार्थ्यासाठी पैसा उभा केला. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते त्यानंतर. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी जी वसतिगृहे उघडली, त्यांतील अनेक आजही दसरा चौकाच्या परिसरात एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. ज्या समाजांना एका पंक्तीला बसणेही त्या काळी मान्य नव्हते, त्यांची मुले एकाच चौकात वाढली. समरसतेवर पुष्कळ भाषणे होतात. तिला जागा लागते, भिंती लागतात आणि शेजार लागतो, हे त्या संस्थानिकाने ओळखले होते.

तीच गोष्ट महापुराची. कोल्हापुरातील शाळकरी पोरालाही दोन आकडे तोंडपाठ असतात : ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आषाढ-श्रावणात पाऊस लागला की चहाच्या टपरीवर प्रकृतीची विचारपूस होण्याआधी बंधाऱ्यावरील पाण्याची होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या पातळ्या कितीतरी मागे पडल्या. त्या दिवसांत शासकीय यंत्रणा आणि जवान आपले काम करीत होतेच. परंतु कोणत्या घरात आजारी म्हातारी एकटी आहे, हे ठाऊक होते ते पेठेतल्या मुलांना. ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते. माणसे रोज एका कट्ट्यावर बसतात, गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दुधाचा पेला हाती घेऊन गप्पा मारतात, त्यातून ती साठत जाते.

म्हणून या शहराला लढताही येते. टोलविरोधी आंदोलनात वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून कोल्हापूरकरांनी २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करावयास भाग पाडले. सर्किट बेंचसाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी कित्येक दशके नेट धरला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ती वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती! राखेपुढे उभे राहून कलावंत आणि रसिक रडले आणि नाट्यगृह पूर्वीच्याच रूपात उभे राहिले पाहिजे, असा आग्रह शहराने धरला. ज्या गावात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२९ मध्ये ‘प्रभात’ जन्मली आणि भालजी पेंढारकरांनी ‘जयप्रभा’ गाजविला, त्या गावाला वास्तूंचे मोल कळते, याबद्दल शंका नाही.

अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हा याच जाणिवेची वर्षातून दोनदा होणारी परीक्षा आहे. पश्चिमाभिमुख देवीच्या मूर्तीवर नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखेला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. एके दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी कमरेला-छातीला आणि अखेर मुखाला स्पर्श करतात. प्राचीन स्थपतींनी हे गणित मांडले खरे, परंतु ते आजवर टिकले ते मंदिराबाहेरच्या माणसांमुळे. महाद्वार रस्त्यावरील मालकांनी घरे ठेंगणी ठेवली म्हणून किरणांना वाट राहिली. अलीकडच्या वर्षांत या वाटेवर वाढीव मजले, पत्रे आणि फलक आडवे येऊ लागले. अडथळ्यांची मोजमापे झाली, काही हटविण्यातही आले. तरीही ढग, धूलिकण आणि बांधकामे यांपैकी काही ना काही आड येऊन किरणे अर्ध्यावर थांबल्याची बातमी अधूनमधून वाचावी लागते. ढगांना कोणी जाब विचारू शकत नाही. चढविलेल्या मजल्याला मात्र मालक असतो आणि त्या मालकाचीही अंबाबाईवर नितांत श्रद्धा असते!

येथेच कोल्हापूरच्या रांगड्या स्वभावाची दुसरी बाजू उघडी पडते. बाहेरून आलेल्या टोलशी लढणे या शहराला जमले. स्वतःच्या घरातून निघणाऱ्या सांडपाण्याशी लढणे अद्याप जमलेले नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते, हे भक्तिभावाने सांगितले जाते. त्यात शहरातून वाहत येणाऱ्या जयंती नाल्याची सहावी भर पडते, ती सांगितली जात नाही. प्रक्रिया केंद्रे उभारली गेली, न्यायालयाने वेळोवेळी कान उपटले, तरी पंप बंद पडला वा पाऊस वाढला की नाल्याचे पाणी नदीत मिसळते आणि उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे थर काठाला लागतात. साखर कारखाने आणि इतर उद्योग यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्याकडे बोट दाखवून शहराची सुटका होत नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीने माणसे दगावली. दारातली नदी सोडून त्या वस्त्रनगरीला दूधगंगेचे पाणी मागावे लागले आणि दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. एका गावाच्या नाल्याने दोन गावांत वितुष्ट आले.

अंबाबाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबे दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडीला जातात, हेही येथे ध्यानात घ्यावे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर ती श्रद्धेने स्नान करतात, ओंजळीत तीर्थ घेतात. वरच्या अंगाच्या शहराने आदल्या दिवशी जे सोडून दिले, तेही त्याच ओंजळीत असते. गणेशमूर्तींचे विसर्जन पंचगंगेऐवजी इराणी खणीत आणि कुंडांत करण्याचे आवाहन झाले तेव्हा मोठ्या संख्येने भाविकांनी आपली जुनी रीत बदलली. मनाला ते सोपे गेले नसणार. श्रद्धावंताने एवढी मुरड घातल्यानंतर सांडपाण्याच्या व्यवस्थेने मात्र वर्षानुवर्षे मुदतवाढ मागत राहावे, हे संतापजनक आहे.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. १९७२ मध्ये महापालिका झाल्यानंतर अर्धशतक उलटले तरी शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली आणि वाढ सभोवतालच्या गावांत पसरत गेली. हद्दवाढीच्या बाजूने आणि विरुद्ध शिरा ताणून झालेल्या वादात, त्या गावांचे पाणी शेवटी जाते कोठे, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला. सर्किट बेंचच्या नव्या वास्तूसाठी शेंडा पार्कची जागा पुढे आली आहे. तेथे इमारत उभी राहील, मागोमाग वकिलांची कार्यालये, अतिथिगृहे आणि वसाहती येतील. त्यांच्या आराखड्यांवर शिक्के पडण्यापूर्वी, या वसाहतींचे सांडपाणी कोणत्या नाल्याला मिळणार आणि प्रक्रियेवाचून त्यातले किती नदीत जाणार, याचे लेखी उत्तर महापालिकेकडून घेण्याचे काम पेठांतील तालमींनीच अंगावर घ्यावे. टोलनाक्यावर उभे राहिलेले तेच हात आहेत, आणि जयंती नाला टोलनाक्यांपेक्षा घराच्या अधिक जवळ आहे.