पक्ष्यांचे जुने ग्रंथ आणि आपण

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातील ग्रंथालयात मी पक्ष्यांचा एक जुना सचित्र ग्रंथ मागितला. कपाटाची किल्ली सापडायला अर्धा तास गेला. ग्रंथ हाती आला, पण निम्मी चित्रे ब्लेडने कापून नेलेली! मजकूर तेवढा शिल्लक होता. पक्षी केव्हाच उडून गेले होते.

असे का व्हावे? कारण उघड आहे. अख्ख्या ग्रंथाला गिऱ्हाईक क्वचित मिळते. चौकटीत बसविलेले सुटे चित्र चटकन खपते. अमेरिकेतील ऑडुबॉनच्या पक्षीग्रंथाची एक प्रत २०१० साली लंडनमध्ये ७३ लाख पौंडांच्या वर विकली गेली. असल्या बातम्या वाचल्या, की हा श्रीमंतांचा शौक, आपणां परभणीकरांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. माझे मत मात्र वेगळे आहे.

टॉमस जर्डन हा मद्रासच्या लष्करातील डॉक्टर १८३७ नंतरच्या काही वर्षांत आपल्या शेजारच्या जालन्याच्या छावणीत राहिला होता. पक्ष्यांचा त्याला विलक्षण नाद. पुढे १८४३ ते १८४७ या काळात मद्रासेत त्याचा पन्नास चित्रांचा ग्रंथ निघाला. शिळाछापाच्या त्या चित्रांत रंग हाताने भरलेले होते. त्यांत इथल्या चित्रकारांनी काढलेली चित्रे होती आणि विलायतेतील जाणकारांनी ती वाखाणली. त्यानंतरच्या 'बर्ड्स ऑफ इंडिया' या ग्रंथात (१८६२–६४) त्याने पक्ष्यांची देशी नावे नोंदली. त्यांत मराठी नावेही आहेत. ती सांगणारे इथलेच लोक असणार! मग हे ग्रंथ परके कसे?

ह्यूम आणि मार्शल यांचा शिकारीच्या पक्ष्यांवरील ग्रंथ (१८७९–८१) आता घरबसल्या फुकट पाहता येतो. त्यातले माळढोकाचे चित्र मी जिंतूरकडच्या आमच्या गावी आजोबांना मोबाईलवर दाखविले. त्यांनी चष्मा सावरला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ह्यो आपल्या माळावर असायचा बाबा. माळ नांगरला अन् ह्यो गेला." आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेला पक्षी नातवाने दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रात पाहावा, याला काय म्हणावे? महाराष्ट्रातून माळढोक आज जवळजवळ नाहीसा झाला आहे.

कोणी म्हणेल, सारे मोबाईलवर मिळते, तर मूळ ग्रंथ जपायचे कशाला? पण मोबाईलवरचे चित्र आले कोठून? कोणीतरी दीडशे वर्षे वाळवीपासून, ओलीपासून आणि ब्लेडपासून जपलेल्या प्रतीवरूनच ना? ज्या ग्रंथाची पाने कापली गेली, त्याची नक्कल तरी कशी निघणार?

मित्रहो, दुसऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते. परीक्षा जवळ आली की संदर्भग्रंथांची पाने फाडणारे आपल्यातच नाहीत काय? तेव्हा सुरुवात स्वतःपासून करू. या जुन्या चित्रांच्या छापील नकला आपल्या ग्रंथालयात लावाव्यात, अशी गुरुजनांना विनंती आहे. आणि आपण प्रत्येकाने सुट्टीत गावच्या म्हाताऱ्या माणसांना ती दाखवून पक्ष्यांची गावाकडची नावे वहीत उतरवून आणावीत. चित्रे इतरांनी जपली. नावे जपणे तरी आपल्या हातात आहे. आजोबा आहेत तोवरच!