भाजलेलं कार्ड आणि भरलेली मोटार

बिघडलेलं सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं, ही आपल्या होस्टेलची फार लाडकी दंतकथा आहे. गंमत म्हणजे ती पूर्ण खोटी नाही. कार्ड खरंच चालू होतं. कधी आठवडाभर, कधी महिनाभर. म्हणूनच ती जास्त धोक्याची आहे असं माझं मत आहे. हा लेख तेवढ्यासाठीच.

रेसिपी सगळ्यांना पाठ आहे. पंखा, हीटसिंक, प्लास्टिक काढायचं, फॉइलचे चार गोळे करून त्यावर कार्ड ठेवायचं, साधारण २०० डिग्रीला आठ-दहा मिनिटं. (ज्या ओव्हनमध्ये नंतर घरचे केक करणार आहेत त्याच ओव्हनमध्ये! फ्लक्सचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा धूर कुठे जातो हा प्रश्न कुणालाच पडत नाही.) समजूत अशी की चिपखालचे सोल्डरचे तडकलेले गोळे वितळतात आणि सांधा पुन्हा जुळतो.

पण मित्रांनो, आकडे तर बघा. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंधन आणलं आणि हळूहळू जगभरची कार्डं बिनशिशाच्या सोल्डरवर गेली. जुनं टिन-शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीला वितळायचं. नवं टिन-चांदी-तांब्याचं वितळायला २१७ च्या आसपास लागतात. म्हणजे आपल्या २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ते वितळतच नाही. मग कार्ड चालू कसं होतं? कारण बऱ्याचदा तुटलेला सांधा त्या गोळ्यांमध्ये नसतोच. तो त्याच्याही आत असतो, सिलिकॉनचा तुकडा ज्या छोट्या पाटीवर बसवलेला असतो तिथल्या डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्यांमध्ये. उष्णतेने सगळं प्रसरण पावतं, तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, आणि स्क्रीनवर चित्र आलं की आपण टाळ्या वाजवतो. पुढे रोजचं तापणं-निवणं सुरू झालं की ती टोकं परत सुटतात.

हे मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेलं नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपच्या काही चिप्समध्ये पॅकेजिंगचं मटेरियल कमजोर निघालं आहे, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्यांपायी १०० कोटी डॉलरहून जास्त भुर्दंड बसला होता. तेव्हा लोक एक्सबॉक्सला टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवायचे, म्हणजे आपल्या ओव्हनचाच भाऊ! पुढे २०२१ मध्ये कंपनीच्या माहितीपटात तिच्याच माणसांनी सांगितलं की तुटत होते ते चिपच्या आतले सांधे, सारखं चालू-बंद झाल्यामुळे. टॉवेलने ते कसे दुरुस्त होणार होते?

आता कुणी म्हणेल, माझं कार्ड, माझा ओव्हन, तुझं काय जातं? ठीक आहे. पण भाजलेलं कार्ड कुणी स्वतःकडे ठेवत नाही हो. ते चालू असतानाच विकून मोकळं व्हायचं असतं. "एकदम ओके कंडिशन, टेस्टिंग करून घ्या." घेणारा अर्धा तास गेम चालवून बघतो आणि पैसे देतो. ते पैसे बहुतेक वेळा घरून आलेले असतात, ऊस गेल्यावर किंवा दुधाच्या पगारातून. गल्लीतला कारागीरही तेच करतो, फक्त ओव्हनच्या जागी हॉट एअर गन असते. "चिप गेलीय, हीट मारून देतो." काय मोजलं असं विचारलं तर उत्तर नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने सेकंड हँड बाजारात आली. माझ्या मते मायनिंगचं प्रत्येक कार्ड वाईट नसतं. एका तापमानाला सतत चालणं हे रोज तापून निवण्यापेक्षा सांध्यांना बरंच. पण पंखे झिजलेले, पेस्ट वाळलेली, मेमरीवरचे पॅड कडक झालेले असणार हे धरूनच चालावं. ही दुरुस्ती स्वस्त असते आणि खरीही असते. भाजणं मात्र दुरुस्ती नाही, आणि ते लपवून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आपल्याकडे फॉल्ट शोधायची परंपराच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या मोटार भरणाऱ्यांच्या दुकानात जाऊन बसावं. शेतकरी जळकी मोटार घेऊन येतो. चांगला कारागीर लगेच वाइंडिंग उचकटत नाही. तो विचारतो, तिन्ही फेज येत होते का? स्टार्टर बघितला का? बेअरिंग जाम होतं का? मग सिरीज लॅम्प लावतो, मेगर लावतो. कारण एक फेज जाऊन मोटार जळली असेल तर नवी भरून काय उपयोग, चार दिवसांत परत जळणार. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम भरून देणारेही असतात म्हणा, पण अशा माणसाचं नाव गावात लगेच कळतं आणि मोटारी येणं बंद होतं. त्यांना कुणी 'डायग्नोस्टिक्स'चा पेपर शिकवला नव्हता.

हीच पद्धत कार्डाला लावली की काय होतं ते सांगते. आमच्या वर्गातल्या एका मित्राने जुनं आरएक्स ५८० घेतलं होतं. तो इंदापूर तालुक्यातला, घर वस्तीवर. साधं काम व्यवस्थित, गेम लावला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी. एका दुकानाने बघताक्षणी "चिप" सांगून हीट मारायचे १५०० रुपये मागितले. तो तयारही झाला होता. आम्ही म्हटलं, आधी कार्ड होस्टेलवर आण. बारामतीत दुसऱ्या मशीनला लावलं तर तासभर गेम चालला! मग कार्डाला दोष कसा द्यायचा? शनिवारी मल्टिमीटर घेऊन त्याच्या घरी गेलो. बायोसमध्ये पट्टे नाहीत, ठिपके नाहीत, म्हणजे मेमरी बहुधा ठीक. पॉवर सप्लाय लोकल, त्याला ८ पिनची वायरच नव्हती, जुन्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावलेला. तो काढला तर एक पिन करपून तपकिरी झालेली. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. गेम चालू करून कन्व्हर्टरच्या टोकाला मोजलं तर ११ च्याही खाली. त्यात संध्याकाळी वस्तीवरचं व्होल्टेज इतकं पडतं की पंखाही रेंगाळतो.

हे कार्ड १८५ वॉटचं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, उरलेले सगळे त्या करपलेल्या पिनांवरून येत होते. बरा सप्लाय घातला, पेस्ट आणि पॅड बदलले, सोनेरी दात खोडरबराने साफ केले. आधी तापमान ९० ला टेकत होतं, आता ७० च्या घरात राहतं. चिपला कुणी हातही लावला नाही. त्या दिवशी हीट मारली असती तर चांगल्या चिपचं आयुष्य कमी झालं असतं, आणि घरी तीच पिन तशीच करपत राहिली असती.

प्रत्येक कार्ड असं वाचत नाही. बायोसमध्येच पट्टे दिसत असतील तर मेमरी किंवा चिप. १२ व्होल्टची इनपुट ग्राउंडला शॉर्ट दाखवत असेल तर मॉस्फेट किंवा कपॅसिटर, आणि ते बदलता येतात. इथे एक सावधगिरी. मोठ्या चिपच्या कोअर लाइनचा रेझिस्टन्स मुळातच एक ओहमच्याही खाली असू शकतो. बझर वाजला म्हणून ओरडू नका, तसल्याच चालू कार्डावर मोजून बघा. मेमरीची चिप बदलायची तर खालून तापवणारा प्रीहीटर आणि सरावलेला हात लागतो. त्यासाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा, आणि कारागिराला आधी विचारावं, काय मोजलंत? आणि चिप आतूनच गेली असेल तर ती गेली. तसं लिहून, सुट्या भागांसाठी म्हणून विका. मॉस्फेट, पंखा, हीटसिंक, चांगल्या मेमरी चिप्स यांना गिऱ्हाईक असतं.

आता आपल्या डिपार्टमेंटबद्दल. आपण किर्चॉफचे नियम पेपरात सोडवतो, पण बंद पडलेल्या बोर्डवर कुठून सुरुवात करायची हे चार वर्षांत कुणी दाखवत नाही. प्रॅक्टिकलला सर्किट नेहमी चालूच असतं. आणि लॅबमधली बंद मशीन्स? ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होऊन कुलपात पडतात आणि निर्लेखन होईपर्यंत तशीच धूळ खातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांप्रमाणे मोठ्या वापरकर्त्यांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यायचा आहे. जरूर द्यावा. पण त्याआधी एक सेमिस्टर ती मशीन्स थर्ड इयरच्या मुलामुलींना मिळावीत. दोघांत एक बोर्ड, एक मल्टिमीटर, आणि जर्नलमध्ये एवढंच लिहायचं: लक्षण काय होतं, काय मोजलं, फॉल्ट कुठे सापडला. मशीन चालू झालं नाही तरी मार्क मिळावेत. दहा बोर्ड आणि दहा साधे मल्टिमीटर, यापेक्षा जास्त खर्च नाही. एच.ओ.डी. सरांकडे अर्ज घेऊन आम्ही सहाजण जाणार आहोत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मॅगझिन कमिटीच्या टेबलवर यावं.