चालायचं कुणी, थांबायचं कुणी?

नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचं) सुनेला दिवस गेले की घरात पहिलं वाक्य येतं, "जिना चढू नकोस, पडून राहा." याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या बाया मात्र पोटात बाळ घेऊन उसाची मोळी डोक्यावर वाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की काही अडचण नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालणं, पण चालताना बोलता आलं पाहिजे इतपतच. वजन आटोक्यात राहतं, गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो. अशा चालण्याने मूल पडत नाही. रक्तस्राव होत असेल, बीपी वाढलेलं असेल, वार खाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मग कुणी म्हणेल, ऊसतोडीत आपोआप व्यायाम होतोच की! नाही हो. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या अभ्यासात जास्त कष्ट करणाऱ्या बायांची बाळं कमी वजनाची निघाली. व्यायाम दमल्यावर थांबवता येतो. कोयत्यावर थांबलं की खाडा, खाड्याचा दंड, आणि मुकादमाची उचल आहेच फेडायला.

तेव्हा शहरातल्या सासूबाईंनी संध्याकाळी सुनेला घेऊन फिरायला निघावं. आणि साखर कारखान्यांनी गरोदर मजूर बाईला शेवटच्या महिन्यांत दंड न लावता, भरपाईसह सुट्टी द्यावी. उचल देतानाच, मुकादमासमोर, हे कागदावर लिहून घ्या.