पाना बसला, आटा बसेल?

मेट्रिक पाने घ्यावेत की इंची, हा प्रश्न जानेफळसारख्या गावातल्या गॅरेजला शहरापेक्षा जास्त छळतो. शहरातला ट्रकचा मिस्त्री ट्रकच खोलतो. मेहकर तालुक्यात सकाळी टाटाचा ट्रक येतो आणि दुपारी सोयाबीनच्या घाईतला जुना ट्रॅक्टर. टाटाचे ट्रक १९५४ च्या डेमलर-बेंझ करारातून आले, म्हणून पहिल्यापासून मेट्रिक. जुनी लेलँड कॉमेट, महिंद्राचा बी-२७५, मॅसी १०३५ यांचे मूळ इंग्लंडकडचे, म्हणून त्यांचे नट-बोल्ट इंची.

आमचे मत स्पष्ट आहे. मेट्रिकचा सेट पुरा घ्या, सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत, रिंग आणि गोटी दोन्ही. इंचीच्या पुऱ्या सेटमध्ये पैसा अडकवू नका. ५/८, ३/४ आणि १५/१६ ला १६, १९ आणि २४ चे पाने चालून जातात. ७/१६, १/२, ९/१६ आणि ७/८ मात्र हवेतच. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी: १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा कोपरे खातो. अर्धा इंची डोक्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टावर तो घसरतो.

खरा घोळ पुढेच आहे. १३ चा पाना एम-८ वरही बसतो आणि ५/१६ इंची बोल्टावरही. १९ चा एम-१२ वर आणि अर्धा इंचीवरही. आटे मात्र वेगळे. एम-८ चा पिच १.२५ मिमी, ५/१६ च्या जाड आट्याचा १.४१. बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. मग कोणीतरी पान्याला पाइप लावतो आणि हाउसिंगचा आटा जातो. एम-१२ चा बोल्ट अर्धा इंची नटात ढिला फिरतो, आणि ताण आला की निसटतो. हे नुकसान पान्याच्या किमतीत मोजता येत नाही.

डोके बघायची सवय लावा. ८.८ किंवा १०.९ लिहिले असेल तर मेट्रिक, नुसत्या रेघा असतील तर बहुधा इंची. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, तरी हार्डवेअरच्या दुकानात अजून सुतावर माल मिळतो. अडीच सुती म्हणजेच ५/१६. तेव्हा नुसते माप सांगून बोल्ट आणू नका, जुना बोल्ट सोबत न्या. इंची आणि मेट्रिक बोल्टांचे डबे आजच वेगळे करा आणि पुढच्या खरेदीत आटे मोजायचा गेज घ्या.